टाइमशीटवर नुसतं ‘ट्रॅव्हल ६’ लिहिलेलं असेल तर

वाचकाचं पत्र:

‘मी बडोद्यात एका बॅक ऑफिसात अमेरिकन क्लायंटचं पेरोल बघते. त्यातला एक क्लायंट टेक्सासमधला, डॅलसचा आहे. हॉटेलं आणि हॉस्पिटलांमधले मोठे फ्रीज दुरुस्त करणारी कंपनी. टेक्निशियन सगळे तासांवर. वेळ सोमवार ते शुक्रवार ८ ते ५, मध्ये १२ ते १ जेवण. गेल्या रविवारी दोघं जण कंपनीच्या व्हॅनने टेक्सासमधल्याच लबक शहरात गेले. दुपारी १ ला निघाले, मध्ये अर्धा तास खायला थांबले, ७ ला पोचले. सोमवार-मंगळवार तिथे काम करून परत आले. रविवारच्या रकान्यात दोघांच्याही नावापुढे ‘ट्रॅव्हल ६’ एवढंच लिहिलंय. आमचे टीम लीड म्हणतात, प्रवास म्हणजे काम नव्हे, शून्य धर. माझ्या आधी हे खातं बघणारी सगळेच तास लावायची. बरोबर काय? आणि एक आपलं विचारून ठेवते: ऑफिसची कॅब मला दांडिया बाजारातून उचलते आणि बाकीच्यांना घेत घेत सव्वा तासाने पोचवते. त्या वेळेचे पैसे मिळायला हवेत का?’

ताई, शून्यही चूक आणि सहाही चूक. शिवाय दोघांचे तास बहुधा सारखे येणार नाहीत. ज्याने व्हॅन चालवली त्याचे साडेपाच तास होतात आणि जो शेजारी बसून गेला त्याचे बहुधा साडेतीन. एकाच व्हॅनमधून, एकाच रस्त्याने गेलेल्या दोन माणसांचा हिशेब वेगळा का, हे एकदा नीट कळलं की हे खातं तुम्हाला पुन्हा अडवणार नाही.

अमेरिकेत तासांवर काम करणाऱ्यांना १९३८ चा फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, वेतन कायदा लागतो. आठवड्याला ४० तासांवर जेवढे तास होतील त्यांना दीडपट, ही त्याची मुख्य अट. प्रवासाचा भाग १९४७ च्या दुरुस्तीतून आला आणि त्याचे बारकावे फेडरल नियमावलीच्या ७८५ व्या भागात, कलम ३३ ते ४१ मध्ये आहेत. ही कलमं दोन-तीन पानांत संपतात, भाषाही सोपी आहे. प्रिंट काढून टेबलावर ठेवा. टेक्सासचे स्वतःचे वेगळे प्रवास-नियम नाहीत, त्यामुळे तिथे हेच चालतात. कॅलिफोर्नियाचा क्लायंट आला तर मात्र हे सगळं तसंच्या तसं लावू नका. तिथे मालकाने करायला लावलेला प्रवास, मग तो रात्री बसून केलेला का असेना, कामाचाच वेळ धरतात आणि ओव्हरटाइम दिवसाच्या ८ तासांनंतरही लागतो.

नियम समजायला आपल्याच गावाचं उदाहरण घेऊ. कायदा अमेरिकेचा, फक्त नकाशा बडोद्याचा. समजा, कारेलीबागेत राहणारा एक टेक्निशियन रोज मकरपुऱ्याच्या वर्कशॉपला जातो. घर ते वर्कशॉप आणि संध्याकाळी वर्कशॉप ते घर हे त्याचं स्वतःचं जाणं-येणं. याचे पैसे नाहीत, रस्ता कितीही तुंबलेला असो. पण वर्कशॉपला हजेरी लावून, गॅसचं सिलिंडर व्हॅनमध्ये चढवून तो हालोलला गेला आणि तिथून नंदेसरीला, तर मधला सगळा रस्ता काम. तो दिवस हालोलच्या गेटावर सुरू झाला असं म्हणता येत नाही, तो मकरपुऱ्यात सिलिंडरला हात लावला तेव्हाच सुरू झाला. सगळ्यात जास्त मिनिटं इथेच गळतात. टेक्निशियन साइटवर पोचल्याची वेळ लिहितो आणि वर्कशॉपच्या यार्डात कामाला लागल्याची वेळ कागदावर येतच नाही. उलट बाजूने बघायचं तर शेवटची साइट आटोपून तो थेट घरी गेला तर तो रस्ता त्याचा. मालकाने ‘व्हॅन आणून लाव, मग जा’ असं सांगितलं असेल तर यार्डात व्हॅन लावेपर्यंत मीटर चालू.

व्हॅन रात्री घरीच न्यायची पद्धत असेल तर १९९६ ची एक दुरुस्ती आहे. नेहमीच्या जाण्या-येण्याच्या टापूत आणि मालक-कामगारांमध्ये तसं ठरलेलं असेल तर कंपनीच्या गाडीने घरी जाणं-येणं कामाच्या तासांत धरत नाहीत. तेवढं ‘तसं ठरलेलं आहे ना’ हे क्लायंटकडून लेखी घ्या.

आता परगावचं काम, सकाळी जाऊन रात्री घरी परत. डॅलसच्या माणसाला एका दिवसासाठी ह्यूस्टनला पाठवलं. घरून पहाटे ५.३० ला निघाला, ९.४५ ला पोचला, म्हणजे सव्वाचार तास. रोज त्याला वर्कशॉपला जायला ४० मिनिटं लागतात, तेवढी मालकाला वजा करता येतात. उरले ३ तास ३५ मिनिटं. परतताना तितकेच. इथे गाडी कोणी चालवली हा प्रश्न नाही, शेजारी बसून गेला तरी हा वेळ धरायचा. आणि एक हात जोडून सांगणं: ३ तास ३५ मिनिटं म्हणजे सिस्टिममध्ये ३.३५ नव्हे, ३.५८. पस्तीस भागिले साठ करा. मिनिटं टिंबानंतर तशीच टाकली की एका फेरीला जवळजवळ १४ मिनिटं बुडतात, जाऊन-येऊन जवळजवळ अर्धा तास, आणि तपासणाऱ्याच्या डोळ्याला ३.३५ हा आकडा अगदी साधा वाटतो.

तुमची केस तिसऱ्या प्रकारची, मुक्कामाच्या प्रवासाची. यात घड्याळ आणि स्टिअरिंग दोन्ही बघावं लागतं. नियम असा की मुक्कामाच्या प्रवासातला जो भाग माणसाच्या नेहमीच्या कामाच्या वेळेवर पडतो तो कामाचा वेळ, आणि हे सुट्टीच्या दिवशीही. म्हणजे रविवार असला तरी ८ ते ५ या पट्ट्यात पडलेला प्रवास मोजायचा. तुमचे टीम लीड इथे अडखळले असावेत, कारण सुट्टीच्या दिवशी कामाची वेळच नसते असं सहज वाटतं. नियमात मात्र ‘त्याच तासांत’ हे स्पष्ट लिहिलंय. त्या पट्ट्याच्या बाहेर विमानात, ट्रेनमध्ये, बसमध्ये किंवा गाडीत नुसतं प्रवासी म्हणून बसून गेलेला वेळ मोजत नाहीत. गाडी चालवणं मात्र कामच. मालकाच्या सांगण्यावरून जो चालवतो त्याचा पट्टा बघायचा नाही, चाक फिरतंय तोवर मोजायचं.

रविवार मांडू. १ ते ७ म्हणजे सहा तास, त्यातून खाण्याचा अर्धा तास वजा. वजा करायला अट एकच, त्या अर्ध्या तासात माणूस खरंच मोकळा हवा. गाडीजवळ उभं राहून सामानावर नजर ठेवायला सांगितलं असेल तर वजा होत नाही. चालवणाऱ्याचे झाले साडेपाच. शेजारच्याचे १ ते ५ चार तास, त्यातून अर्धा तास खाण्याचा, तोही ५ च्या आत पडला असेल तर. झाले साडेतीन. संध्याकाळी ५ ते ७ तो डोळे मिटून बसला असेल, गाणी ऐकत असेल, ते नाहीत. पण त्या दोन तासांत त्याने आधीच्या कामाचा रिपोर्ट भरला, क्लायंटचा फोन घेतला, पार्ट ऑर्डर केला, तर तेवढा वेळ कामाचाच. आणि पाचनंतर दोघांनी चाक बदललं असेल तर हिशेबही बदलतो. म्हणून ‘ट्रॅव्हल ६’ हा आकडा एकटा काही कामाचा नाही.

अजून एक खाच आहे आणि ती मी ‘बहुधा साडेतीन’ म्हणाले त्यामागे आहे. गाडीवर मदतनीस म्हणून बसणं ज्याला सक्तीचं आहे, म्हणजे अवजड सामान सांभाळायला, उतरवायला, चालकाला साथ द्यायला म्हणून, तो बसून असतानाही कामावरच धरला जातो. फक्त खरं जेवण आणि खरी झोप वगळतात. लबकला पोचून दुरुस्ती करायची म्हणून व्हॅनमध्ये बसलेला टेक्निशियन हा प्रवासी. ‘तू हेल्पर, तुला व्हॅनबरोबरच जायचंय’ असं सांगितलेला माणूस प्रवासी नाही. दुसऱ्याचा हुद्दा आणि त्याला काय सांगितलं होतं, हे विचारल्याशिवाय साडेतीन पक्के करू नका.

परतीची वेळ तुम्ही लिहिली नाही. समजा मंगळवारी ३.३० ला निघून ९.३० ला यार्डात आले. शेजारच्याचे ३.३० ते ५, दीड तास. चालकाचे सगळे, जेवणाची वेळ सोडून. रात्री हॉटेलात झोपले, फिरले, ते मोजायचं नाही. सकाळी हॉटेल ते साइट हे साधारण घर ते वर्कशॉपसारखंच धरतात.

कुणी विमानाचं तिकीट नाकारून ‘मी माझी गाडी घेऊन जातो’ असं म्हटलं आणि मालकाने परवानगी दिली, तर मालकाला दोन्हीपैकी एक धरता येतं: चालवण्यात गेलेला वेळ किंवा विमानाने गेला असता तर जेवढा मोजला असता तेवढा. अट हीच की तिकीट खरंच देऊ केलेलं होतं. ईमेल मागा.

ज्यांची वेळ ठरलेलीच नसते, आज ७ ला, उद्या ११ ला, त्यांचा ‘नेहमीचा पट्टा’ कुठला? याचं उत्तर अमेरिकेच्या कामगार खात्याने एप्रिल २०१८ च्या एका मत-पत्रात दिलंय. अलीकडच्या एका नेहमीच्या महिन्याची हजेरी काढायची. बहुतेक दिवसांत काही ठरावीक वेळ दिसत असेल तर तीच धरायची. तशी दिसत नसेल तर सुरुवातीच्या आणि शेवटच्या वेळांची सरासरी. तीही शक्य नसेल तर कामगारांशी बोलून आधी ठरवायची. हे काम एकदा करून फाइलला लावलं की दर पंधरवड्याला वाद नको.

तास ठरले की दुसरी पायरी आठवड्याची, आणि ही पायरी बडोद्यात बसून काम करणाऱ्यांना जास्त नडते. क्लायंटचा आठवडा म्हणजे सलग १६८ तासांचा ठरलेला तुकडा. तो रविवार ते शनिवार आहे की सोमवार ते रविवार, हे आधी विचारा. सोमवार ते रविवार असेल आणि या दोघांचे शुक्रवारपर्यंत ४० भरले असतील, तर रविवारचा प्रत्येक तास दीडपटीने जाईल. रविवार ते शनिवार असेल तर तेच तास नव्या आठवड्यात जमा होतील आणि तिथली बेरीज ४० च्या वर जाते का ते बघावं लागेल. आता तुमच्या स्क्रीनचं घड्याळ बघा. डॅलस हिवाळ्यात आपल्या साडेअकरा तास मागे असतं, उन्हाळी वेळेत साडेदहा. सॉफ्टवेअर भारतीय वेळ दाखवत असेल तर तिथल्या शनिवारची दुपारी १ ची नोंद हिवाळ्यात तुम्हाला शनिवारची मध्यरात्र उलटून रविवार लागल्यावर १२.३० ची दिसते. रविवारपासून आठवडा मोजणाऱ्या क्लायंटचे ते तास सरळ पुढच्या आठवड्यात उडी मारतात. शुक्रवारपर्यंत ३८ आणि शनिवारचे ४ मिळून ४२, म्हणजे दोन तास दीडपट. पण तुमच्या स्क्रीनवर ३८ च राहतात आणि ओव्हरटाइम गायब. चूक कुणाचीच दिसत नाही आणि पैसे मात्र टेक्सासमधल्या त्या माणसाचे जातात. रिपोर्ट काढताना वेळ क्लायंटच्या गावाचीच लावा, आणि मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार कॅलेंडरवर लाल करून ठेवा, त्या दिवशी तिथलं घड्याळ बदलतं.

प्रवासाला वेगळा, कमी दर चालतो का, हा प्रश्न क्लायंट कधी ना कधी विचारतोच. चालतो. तो कामगाराला प्रवासाच्या आधी सांगितलेला हवा आणि किमान वेतनाखाली जायला नको. फेडरल किमान २००९ पासून ताशी ७.२५ डॉलर आहे, टेक्सासचंही तेच. गोंधळ होतो ओव्हरटाइम काढताना. आकडे घेऊ: दुरुस्तीचा दर २४ डॉलर, प्रवासाचा १६. आठवड्यात ३६ तास दुरुस्ती, ९ तास प्रवास, एकूण ४५. साधे पैसे ८६४ अधिक १४४, म्हणजे १००८ डॉलर. याला ४५ ने भागा, आला २२.४०. हा त्या आठवड्याचा खरा दर. ४० च्या पुढच्या ५ तासांचा एकपट या १००८ मध्ये आधीच येऊन गेलाय, म्हणून राहिला अर्धा: ११.२० गुणिले ५, म्हणजे ५६ डॉलर. द्यायचे १०६४.

यात दोन चुका होतात. पहिली, सिस्टिममधला प्रवासाचा पे-कोड (कुठले तास कुठल्या प्रकारचे हे सांगणारी खूण) ‘ओव्हरटाइमला पात्र नाही’ असा सेट केलेला असतो. मग मशीनला ३६ च तास दिसतात आणि ५६ डॉलर दर आठवड्याला बुडतात. नवा क्लायंट आला की सगळ्यात आधी ही खूण तपासा, टाइमशीट नंतर. दुसरी चूक, शेवटचे पाच तास प्रवासाचे होते म्हणून १६ ची दीडपट, २४ डॉलर, लावणं. तसं केलं तर बेरीज १०४८ येते, १६ डॉलर कमी. ‘ज्या कामात ओव्हरटाइम झाला त्याच दराची दीडपट’ ही पद्धत कायद्यात आहे, पण कामगाराशी आधी ठरलेलं असेल तरच. तसा कागद नसेल तर १०६४ च. आपल्याकडच्या सवयीने दुप्पटही लावू नका. ओव्हरटाइम दुप्पट हा भारतातल्या कायद्याचा हिशेब, तिथे दीडपट.

मायलेज वेगळं. स्वतःची गाडी कामाला वापरली तर मैलामागे जे देतात (अमेरिकन कर खात्याचा २०२५ चा दर ७० सेंट होता) ती खर्चाची भरपाई आहे, पगार नव्हे. ती वरच्या १००८ मध्ये मिळवायची नाही आणि तिच्या बदल्यात तासही कापायचे नाहीत. ‘मायलेज दिलंय ना’ हे उत्तर क्लायंटकडून आलं तर नम्रपणे तासांची यादी पुन्हा पाठवा.

टीम लीडना काय सांगायचं, तेही लिहिते, कारण अडचण नुसत्या हिशेबाची नाही, तुमच्या टेबलावरच्या अवघडलेपणाचीही आहे. त्यांना म्हणा, सर, शून्य धरलं आणि तक्रार झाली तर दोन वर्षं मागचं निघतं, जाणूनबुजून केलं असं ठरलं तर तीन, आणि बुडालेल्या रकमेएवढीच रक्कम वर भरपाई म्हणून लागते. सगळेच तास लावणं बेकायदा नाही, क्लायंटला स्वखुशीने द्यायचे तर तो देऊ शकतो, पण ते त्याने ठरवायचं, आपण गृहीत धरायचं नाही. आणि क्लायंटला एकच ईमेल टाका. त्यात या दोघांबद्दल विचारा: कुठून किती वाजता निघाले, आधी यार्डात गेले होते का, कोणी कुठून कुठवर चालवलं, खायला किती वेळ थांबले आणि तेव्हा मोकळे होते का, दुसरा माणूस टेक्निशियन म्हणून गेला की हेल्पर, रस्त्यात फोन-लॅपटॉपचं काम झालं का, प्रवासाचा वेगळा दर कामगारांना कळवलेला आहे का आणि आठवडा कधी सुरू होतो. उत्तर कट-ऑफच्या, म्हणजे पगार काढायच्या मुदतीच्या, आत आलं नाही तर शून्य धरून पगाराचा रन करू नका. चालकाचे साडेपाच आणि दुसऱ्याचे साडेतीन लावा, शेरा लिहा, फरक पडला तर पुढच्या रनला दुरुस्त करा. ईमेल आणि टाइमशीट दोन्ही जपून ठेवा. वेळेच्या नोंदी तिथे दोन वर्षं आणि पगाराच्या तीन वर्षं ठेवाव्या लागतात, आपण सगळंच तीन वर्षं ठेवलं तर बरं.

पुढच्या महिन्यापासून क्लायंटला ‘ट्रॅव्हल’चे दोन कोड करायला सांगा, एक चालकाचा आणि एक प्रवाशाचा, आणि दोन्हीला सुरुवात-शेवटची वेळ भरणं सक्तीचं करा. नुसते एकूण तास भरता येणारच नाहीत अशी सोय असली की निम्मे प्रश्न तुमच्यापर्यंत पोचत नाहीत.

आता तुमची कॅब. भारतात ऑफिसच्या नोकरीसाठी प्रवासाचे असे बारीक नियम लिहिलेले नाहीत, आणि घर ते ऑफिस हा वेळ आपल्याकडेही कामाच्या तासांत धरत नाहीत, कॅब सगळ्यांना घेत सव्वा तास फिरली तरी. नेमणूकपत्रात ‘पिकअपपासून शिफ्ट सुरू’ असं असेल तर गोष्ट वेगळी, एकदा ते काढून वाचा. कॅबमध्ये लॅपटॉप उघडून काम करायला सांगत असतील तर तो वेळ कामाचा म्हणून नोंदवायची मागणी जरूर करा. पैशांपलीकडचा एक हक्क मात्र या सव्वा तासाला आहे. तुम्ही ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत असाल, म्हणजे पगार महिना २१,००० च्या आत असेल, तर घर ते काम या रस्त्यात झालेला अपघात, वेळ-जागा-कारण यांचा कामाशी संबंध दिसत असेल तर, कामावरचा अपघात धरतात. हे कलम २०१० साली आलं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आहे. तो संबंध दाखवायला पिकअपचा मेसेज, गाडीचा नंबर आणि शिफ्टचं वेळापत्रक लागतं. रोज रात्री येणारा तो मेसेज डिलीट करू नका, आणि घरात कुणाला तरी फॉरवर्ड करत जा.